टीव्ही बंद पडला : दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा?



मागच्या महिन्यात आपल्याच तालुक्यातल्या एका गटाच्या बैठकीला मी बसले होते. गटाकडे अंतर्गत कर्जासाठी १८ हजार रुपये शिल्लक होते आणि मागण्या आल्या दोन. एका ताईला मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी १० हजार हवे होते. दुसऱ्या ताईला नव्या टीव्हीसाठी १३ हजार. बेरीज २३ हजार. म्हणजे एकीला तरी नाही म्हणावं लागणार होतं.

तुम्ही म्हणाल, यात विचार कसला करायचा, शिक्षणाला द्या. तिथेही बायका हेच म्हणाल्या. एक जण तर पटकन बोलून गेली, "टीव्ही काय, चैनीची वस्तू." टीव्हीवाल्या ताई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "माझ्या सासूबाई दोन वर्षांपासून खाटेवर आहेत. आम्ही सगळे सकाळी सातला कांद्याच्या कामाला जातो ते संध्याकाळीच येतो. दिवसभर त्यांच्याशी बोलायला तेवढा टीव्हीच आहे. तो बंद पडल्यापासून म्हातारी भिंतीकडे बघत बसते." यावर कुणाला काही बोलता येईना.

शेवटी सचिव ताईंनी सोपा प्रश्न विचारला, "टीव्हीला नेमकं झालंय काय?" उत्तर आलं, "बंद पडना, आते काय करानं?" टीव्ही बंद पडला म्हणजे नेमकं काय बंद पडलं, हे घरात कुणीच बघितलेलं नव्हतं. एका दुकानदाराने न उघडताच "पॅनल गेला, नवा घ्या, जुन्याचे पाचशे देतो" असं सांगितलं होतं, आणि त्या एका वाक्यावर १३ हजारांची मागणी बैठकीत आली होती.

म्हणून हा लेख. टीव्ही प्रत्येकीच्या घरात आहे आणि कधी ना कधी तो बंद पडणारच आहे.

आधी बघा, टीव्हीच बिघडलाय ना?

निम्म्या वेळा टीव्ही चांगला असतो आणि बिघाड बाहेर असतो. म्हणून दुकानात न्यायच्या आधी घरीच चार गोष्टी बघा. प्लग दुसऱ्या बोर्डात लावून बघा, कारण आपल्याकडचे एक्स्टेन्शन बोर्ड फार लवकर सैल होतात. टीव्हीच्या अंगावरचं बटण दाबून बघा. तो चालू झाला तर फक्त रिमोट गेलाय, आणि रिमोट दीड-दोनशे रुपयांत मिळतो. रिमोट तपासायची युक्तीही सांगते. मोबाईलचा कॅमेरा चालू करा, रिमोटचं तोंड कॅमेऱ्याकडे धरा आणि बटण दाबा. मोबाईलच्या पडद्यावर बारीक दिवा लुकलुकताना दिसला तर रिमोट चांगला आहे. काही मोबाईलच्या मागच्या कॅमेऱ्यात हा दिवा दिसत नाही, मग पुढचा कॅमेरा लावून बघा.

पडद्यावर "नो सिग्नल" लिहून येत असेल तर टीव्ही बहुधा चांगला आहे. अक्षरं दाखवतोय म्हणजे पडदा चालू आहे. मग छत्री वाऱ्याने हलली असेल, वायर उंदराने कुरतडली असेल, सेट टॉप बॉक्स गेला असेल किंवा रिचार्ज संपला असेल. शेजारणीचा बॉक्स दहा मिनिटं आणून जोडून बघितलं तरी उलगडा होतो.

रिचार्जचाच खर्च जड जात असेल तर दूरदर्शनची फ्री डिश आहे. ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. छत्री आणि बॉक्स एकदा घेतला की महिन्याचं भाडं नाही, आणि आपली सह्याद्री वाहिनी त्यावर दिसते. मालिकांच्या सगळ्या वाहिन्या मात्र मिळत नाहीत, हे आधी घरात सांगून ठेवा, नाहीतर भांडणं होतील! आणि कुणाच्या छपरावर अजून जुना काट्यांचा अँटेना असेल तर त्याच्या भरवशावर राहू नका. त्यासाठीची दूरदर्शनची जुनी प्रक्षेपण केंद्रं २०२२ पर्यंत जवळपास सगळी बंद झाली आहेत.

आवाज येतो, चित्र येत नाही

चपट्या एलईडी टीव्हीत सगळ्यात जास्त दिसणारा बिघाड हाच. आवाज येतो, वाहिनी बदलते, पण पडदा काळा. अशा वेळी पुष्कळदा पॅनल चांगला असतो आणि त्याच्या मागचे दिवे गेलेले असतात.

हे समजून घ्यायला सोपं आहे. टीव्हीचा पडदा म्हणजे एक काच, तिच्यावर चित्र उमटतं, पण तिला स्वतःचा उजेड नसतो. तिच्या मागे छोट्या एलईडी दिव्यांच्या पट्ट्या असतात. त्यांना बॅकलाईट म्हणतात. पट्ट्या गेल्या की चित्र उमटत राहतं, पण अंधारात. देव्हाऱ्यातला दिवा विझला तरी मूर्ती जागेवरच असते, तसं.

आता तपासायचं कसं? रात्री खोलीतले दिवे बंद करा, टीव्ही चालू करा आणि मोबाईलची बॅटरी पडद्याला अगदी जवळ, जरा तिरकी धरा. माणसांच्या पुसट आकृत्या हलताना दिसल्या तर पॅनल शाबूत आहे आणि बॅकलाईट गेलाय. ३२ इंची टीव्हीला हे काम साधारण हजार ते अडीच हजारात होतं. गाव, दुकान आणि टीव्हीचा मेक यांप्रमाणे थोडं कमी-जास्त.

हे काम सांगताना कारागिराला दोन गोष्टी आधीच विचारा. पहिली, सगळ्या पट्ट्या बदलणार की गेलेला एकच दिवा? एकच बदलला तर दोन-चारशे वाचतात, पण बाकीचे दिवे तेवढेच जुने असतात आणि काही महिन्यांत पुन्हा तीच पाळी येते. सगळ्या बदलून घ्या. दुसरी, पट्ट्या बदलायला पॅनलची काच बाहेर काढावी लागते. ती काढताना फुटली तर नुकसान कोणाचं? हे काम सुरू व्हायच्या आधी बोलून घ्यायचं असतं. चांगला कारागीर या प्रश्नाने रागावत नाही.

आणि टीव्ही घरी आला की सेटिंगमध्ये जाऊन बॅकलाईट शंभरवर असेल तर साठ-सत्तरवर आणा. दिवे कमी तापतात आणि जास्त दिवस टिकतात. नव्या टीव्हीलाही हे पहिल्याच दिवशी करा. दुकानात उठून दिसावा म्हणून तो फुल्ल उजेडावर ठेवलेला असतो आणि आपण तसाच वर्षानुवर्षं चालवतो.

टीव्ही पूर्ण मेला असेल तर

लाल दिवासुद्धा लागत नाही, किंवा टीव्ही चालू होतो आणि दोन मिनिटांत बंद पडतो, असं असेल तर बहुतेक वेळा पॉवर सप्लायचा भाग गेलेला असतो. आपल्याकडे हे जास्त होतं आणि त्याचं कारण तुम्हाला माहीतच आहे. संध्याकाळी व्होल्टेज खाली जातं, लाईट जाते, अचानक येते, आणि येताना एकदम जोरात येते. आतले कपॅसिटर फुगतात. ते बदलले की टीव्ही चालू होतो आणि खर्च बहुधा हजाराच्या आतबाहेर राहतो.

मदरबोर्ड गेला असेल तर कारागीर कधी कधी "युनिव्हर्सल बोर्ड टाकतो" म्हणतो. त्याने काम चालतं. पण रिमोट बदलतो आणि स्मार्ट टीव्ही असेल तर त्यातलं यूट्यूब वगैरे जाऊ शकतं. हे समजून हो म्हणा.

पडद्यावर उभ्या रेघा, अर्धा पडदा काळा, शाई सांडल्यासारखा डाग किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखी तडा, ही पॅनलची लक्षणं. रेघा कधी कधी आतल्या पट्टीच्या किंवा छोट्या बोर्डाच्या दोषानेही येतात, तेवढं एकदा तपासून घ्यावं. पण काचच फुटली असेल तर दुरुस्तीचा विषय संपला. नव्या पॅनलची किंमत जवळजवळ नव्या टीव्हीएवढीच पडते. पोराने मारलेल्या चेंडूवर पाच-सहा हजार घालू नका.

डबा टीव्ही अजून घरात असेल तर

जुना, पाठीमागे पोट असलेला टीव्ही अजून काही घरांत आहे. १९८७ साली रविवारी सकाळी रामायण लागायचं तेव्हा सगळी आळी ज्याच्यापुढे बसायची, त्याचाच हा धाकटा भाऊ. मजबूत असतो बिचारा. पण आता त्याच्या पिक्चर ट्यूब नव्या मिळत नाहीत, मिळाली तर दुसऱ्या जुन्या टीव्हीतून काढलेली मिळते.

पडद्याच्या मधोमध नुसती एक आडवी पांढरी रेघ येत असेल तर ट्यूब चांगली आहे, एखादा आयसी किंवा सोल्डर गेलाय. दोन-चारशेत होण्यासारखं काम आहे, करून घ्या. कोपऱ्यात रंगाचे डाग येत असतील तर आधी जवळ ठेवलेला स्पीकर लांब करा, कारण त्यातल्या चुंबकाने रंग बिघडतात. पण चित्र यायला पाच-दहा मिनिटं लागतात, आलं तरी फिकट आणि धूसर, असं असेल तर ट्यूब म्हातारी झाली. तिच्यावर एक रुपयाही घालू नका.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. डबा टीव्ही घरी कधीही उघडू नका, पोरांना उघडू देऊ नका. पिक्चर ट्यूबला वीस हजार व्होल्टच्या वर दाब लागतो, आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ आत साठून राहतो. बंद टीव्हीसुद्धा जोरदार झटका देतो.

"डबा वीज फार खातो, म्हणून नवा घ्या" असं दुकानात हमखास सांगतात. हिशेब करून बघू. २१ इंची डबा साधारण ९० वॉट घेतो, ३२ इंची एलईडी साधारण ५०. रोज पाच तास चालवला तर डब्याला दिवसाला ०.४५ युनिट, एलईडीला ०.२५. फरक ०.२०, म्हणजे वर्षाला ७३ युनिट. युनिटला सात रुपये धरले तर वर्षाला ५११ रुपये वाचले. पाचशे रुपये वाचवायला बारा हजार घालवायचे, आणि ते वसूल व्हायला २३ वर्षं! डबा चालतोय तोवर फक्त विजेच्या कारणाने बदलू नका.

मग ठरवायचं कसं?

दुरुस्तीचा खर्च नव्याच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त असेल तर नवा घ्यावा, असं बरेच जण सांगतात. हे ठीक आहे, पण अर्धवट आहे. त्यात टीव्हीचं वय येत नाही. मला दुसरा हिशेब जास्त पटतो. वर्षाला किती पडतं ते बघा.

समजा दुरुस्तीला १,८०० रुपये आणि त्यानंतर टीव्ही दोन वर्षं चालेल असं धरलं, तर वर्षाला ९०० पडले. नवा १२,००० चा, सात वर्षं चालला, तर वर्षाला साधारण १,७१५. म्हणजे दुरुस्ती परवडली. पण टीव्ही दहा वर्षांचा आहे, गेल्या वर्षी बोर्ड केला, आता पट्ट्या, आणि कारागीर स्वतःच म्हणतोय की सहा महिन्यांची खात्री देत नाही, तर तेच १,८०० सहा महिन्यांत संपले. वर्षाला ३,६०० पडले. मग नवा बरा.

म्हणून कारागिराला "किती घेशील" याच्याबरोबरच "गॅरंटी किती दिवसांची" हेही विचारा आणि ते बिलावर लिहून घ्या. तीन महिने लिहून देणारा दोनशे जास्त घेत असेल तरी तो स्वस्त. आणि टीव्ही दुकानात सोडायच्या आधी मागच्या बाजूचा फोटो काढा, मॉडेल आणि सिरीयल नंबरसकट. बदललेला जुना भाग परत मागा. तो आपल्या काही कामाचा नसतो, पण खरंच बदलला की नाही हे कळतं.

चित्र चांगलं आहे, फक्त स्मार्ट टीव्ही हळू झालाय, यूट्यूब उघडत नाही, एवढ्यावरून टीव्ही टाकू नका. मागे लावायची स्टिक दोन-तीन हजारात मिळते आणि टीव्ही पुन्हा नव्यासारखा चालतो. इंटरनेट मात्र लागणार. मोबाईलचा डेटा टीव्हीला जोडला की किती पटकन संपतो, ते घरातल्या पोरांना विचारा.

नवा घ्यायचाच असेल तर

दहा बाय बाराच्या खोलीला ३२ इंच पुरतो. साधारण १० ते १४ हजारात येतो. मोठ्या टीव्हीवर २८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला, म्हणून "आता मोठाच घ्या" असा आग्रह होतो. पण ३२ इंचापर्यंतच्या टीव्हीवर १ जानेवारी २०१९ पासूनच १८ टक्के आहे. म्हणजे लहान टीव्हीत या बदलाने काही स्वस्त झालेलं नाही, दुकानदार काहीही सांगो. पक्कं बिल घ्या, वॉरंटी कार्डावर शिक्का घ्या, आणि पॅनलची वॉरंटी किती ते वेगळं विचारा. कंपनीचा माणूस देवळ्यापर्यंत येतो का, की टीव्ही मालेगावला किंवा नाशिकला घेऊन जावा लागेल, हेही विचारा. गाडीभाडं आणि एक दिवसाची मजुरी, दोन्ही किमतीतच धरायचं असतं.

आता हप्त्याचं बघू. "बिनव्याजी हप्ता" असा बोर्ड दिसला की दुकानदाराला विचारा, "रोख घेतला तर किती?" समजा हप्त्याने १२,००० आणि रोख ११,२००, शिवाय फाईल चार्ज ५००. म्हणजे बिनव्याजी म्हणता म्हणता १,३०० रुपये गेले. एखादा हप्ता चुकला तर दंड आणि बँकेचा चेक परत गेल्याचा आकार वेगळाच. तेच १२,००० गटातून शेकडा १ रुपया महिन्याने दहा हप्त्यांत घेतले, तर उरलेल्या मुद्दलावर व्याज ६६० रुपये होतं. शेकडा २ असेल तर १,३२०. ते व्याजही आपल्याच गटात राहतं. आणि रोख घेतला म्हणून ते ८०० सुटतात ते आणखी.

पण एक अट माझ्या मनाने घालते, पटली तर बघा. टीव्हीचं कर्ज उत्पन्न देत नाही, म्हणून हप्ता कांद्याच्या भरवशावर ठरवू नका. उमराण्याच्या बाजारात काय भाव निघेल हे आपल्या हातात नसतं. मजुरी, शिलाई, दूध असा जो महिन्याचा पैसा येतो, त्यातून झेपेल तेवढाच हप्ता इतिवृत्तात लिहा.

घेतलेला टीव्ही वॉरंटीत बिघडला आणि दुकान किंवा कंपनी टोलवाटोलवी करत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५, मराठीतही बोलता येतं. त्यानेही नाही झालं तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. बिल नसेल तर मात्र सगळं अवघड. सुट्या भागांची आणि दुरुस्तीची माहिती ग्राहकाला मिळावी म्हणून केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ ला "राईट टू रिपेअर" नावाचं पोर्टलही सुरू केलं आहे. त्यावर आपल्या कंपनीचं नाव आहे का ते सीआरपी ताईंकडून मोबाईलवर बघून घ्या.

जुन्याचं काय?

नवा घेताना जुना एक्स्चेंजमध्ये द्यायचा प्रयत्न करा, पैसे कमी मिळाले तरी. डबा टीव्हीच्या काचेत शिसं असतं. भंगारवाला तांब्यासाठी ती काच फोडतो आणि तुकडे नाल्याकडेला पडतात. तिथेच आपल्या शेळ्या चरतात आणि पोरं खेळतात. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यात टीव्ही येतो. जुन्या मालाची विल्हेवाट नोंदणीकृत केंद्रातून लावण्याची जबाबदारी कंपन्यांवर आहे. चार-पाच घरांचे डबे एकत्र झाले तर ग्रामसंघाने एक गाडी करून शहरातल्या अशा केंद्रावर पाठवणं सोपं जातं.

आणि अवकाळीत, वीज कडाडायला लागली की टीव्हीचा प्लग आणि छत्रीची वायर दोन्ही काढा. नुसता प्लग काढून भागत नाही, छत्रीच्या वायरीतूनही वीज येते. कडकडाट सुरू झाल्यावर वायरीला हात लावू नका, ढग दिसले की आधीच काढून ठेवा.

त्या बैठकीचं सांगायचं राहिलं. त्याच रात्री टीव्हीवाल्या ताईंच्या मुलीने अंधार करून मोबाईलची बॅटरी लावून बघितली. पडद्यावर बातम्या देणारी बाई पुसट दिसत होती. दुसऱ्या दुकानात सगळ्या पट्ट्या बदलून १,६०० रुपये झाले, तीन महिन्यांची गॅरंटी लिहून. ते पैसे ताईंनी गटाकडून घेतलेच नाहीत, दुधाच्या पैशातून दिले. नर्सिंगच्या प्रवेशाचे १० हजार त्याच आठवड्यात मंजूर झाले. पुढच्या बैठकीला ताई जरा उशिरा आल्या. म्हणाल्या, म्हातारी सोडतच नव्हती, मालिकेत काय काय झालं ते सगळं सांगून मगच येऊ दिलं.